आजीचा सा आणि बेसचा सा

कोजागरीला सहा दिवस उरले होते, तेव्हा एक पोरगा लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे आला. सोयाबीनची काढणी चालू होती, थ्रेशरचा भुसा अजून केसांत होता. आर्वीपासून मोटारसायकलनं अर्ध्या तासावर त्याचं गाव. दिवसा शेती, रात्री गाणी. मी आर्वीत एका दुकानामागच्या खोलीत भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं करतो, आणि आसपासची डीजेवाली पोरं आपल्या गाण्यांवर शेवटचा हात फिरवायला येतात. हा मला काका म्हणतो.

"काका, बेस लावला का गाणं नासते, अन् काढला का फुसकं वाटते. मले समजूनच नाई राह्यलं काहून."

गाणं भुलाबाईचं होतं. त्याच्या आजीच्या आवाजातलं. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागरीला तिचा निरोप होतो, तोवर रोज संध्याकाळी अंगणात टिपऱ्यांवर गाणी आणि शेवटी खिरापत ओळखायची, हे विदर्भात वाढलेल्या कुणाला सांगायला नको. आता ज्वारीचा पेरा घटल्यामुळे मखराला धांडे मिळवायलाही दोन गावं हिंडावी लागतात, आणि गाणी तर आजीच्या वयाच्या बायकांनाच पाठ आहेत. म्हणून त्यानं मागच्या वर्षी आजीला अंगणात बसवून मोबाइलवर पाच कडवी रेकॉर्ड केली होती. साथीला काही नाही, फक्त शेजारच्या मुलींच्या टिपऱ्या. त्याखाली ठेका, पॅड म्हणजे मागे सतत लांबत राहणारे सूर, बासरीचा एक लूप म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, आणि मोठा बेस टाकून कोजागरीला पारावर वाजवायचं, असं त्यानं गावात सांगून ठेवलं होतं.

माझ्याकडे यायच्या आधी तो गाण्याची चाचणी घेऊन आला होता. गावातल्या साउंडवाल्याच्या गोदामात, अठरा इंची बेसच्या पेट्यांवर. तिथं काय झालं ते त्यानं सांगितलं आणि मी ते नीट ऐकून घेतलं नाही, हे आधीच सांगतो, कारण उत्तर त्यातच होतं. बेस सुरू झाला की साउंडवाला उठून केबली हलवू लागला. "कुठीतरी अर्थिंग लूज हाय," असं त्याचं म्हणणं. तीनदा वाजवलं, तीनदा त्यानं जॅक काढून घातले. आणि गोदामाच्या दारात बसलेली आजी म्हणाली, "तो बुवा कोन गुणगुणून राह्यला मांगं? माह्या आवाजात आवाज काहून नाई मिळवत तो?"

पोरगा हे हसत सांगत होता. मीही पुढं गेलो.

पहिली संध्याकाळ मी वाया घालवली. माझ्या खोलीतल्या स्पीकरवर ऐकलं तेव्हा मला बेस आणि आवाज यांच्यात गढूळपणा वाटला, आणि गढूळपणा म्हटलं की हात सवयीनं इक्वलायझरकडे जातो. बेसमधले २०० हर्ट्झच्या आसपासचे सूर कमी केले, आवाजातला खालचा भाग कापला, ठोका पडला की बेस दबेल अशी सोय केली. प्रत्येक गोष्टीनं थोडं बरं वाटलं आणि मूळ त्रास तसाच राहिला. त्याच्या मोबाइलवर लावलं तर गाणं ठीक होतं. मोठ्या स्पीकरवर नाही. तेव्हा मला वाटलं, बेस जास्त आहे. पण बेस निम्मा केला तरी कानाला तीच खडखड, फक्त लहान.

मग सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले त्याची, शंका आली. मोबाइलचं रेकॉर्डिंग ४८,००० चं, प्रोजेक्ट ४४,१०० चा. सॉफ्टवेअरनं रूपांतर न करता फाइल तशीच वाजवली असती तर आजीचा आवाज सुमारे १४७ सेंट, म्हणजे जवळपास दीड सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) खाली आला असता. तपासलं. रूपांतर बरोबर झालं होतं. शिवाय मूळ मोबाइलवर आणि लॅपटॉपवर आजी एकाच सुरात होती. ती शंका पाच मिनिटांत मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका भजनी मंडळाचे पेटीवाले काका हिशेबाला आले होते. गाणं चालूच होतं. बेस बंद करून नुसता आजीचा आवाज ऐकवला आणि म्हटलं, काका, हिचा सा काढून द्या. त्यांनी पेटीवर काळी चार दाबली, तोंड वाकडं केलं. पांढरी सहा दाबली, मान हलवली. "काळी चारले चढी हाय, पांढरी सहाले उतरी. पेटीत नाई हे बाई."

पोरानं त्याचा प्रोजेक्ट काळी चारवर बांधला होता. सॉफ्टवेअरनं आपोआप सूर ओळखून 'जी शार्प मायनर' (जी शार्प म्हणजेच काळी चार) असं सांगितलं आणि यानं ते प्रमाण मानलं. सॉफ्टवेअरची चूक म्हणता येत नाही. त्याच्यासमोर बाराच खण आहेत, जो जवळचा तो त्यानं दिला. पण अंगणात पेटीशिवाय गाणारी बाई कुठल्याही खणात बसायला बांधलेली नसते. तिचा सा त्या दिवशी तिच्या घशाला जिथं सोपा गेला तिथं होता.

सा नेमका कुठं आहे हे मी तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर काढलं. आपल्याकडे गाणाऱ्यांच्या मोबाइलवर ते असतंच, आणि या कामाला त्याच्याइतकं चांगलं साधन मला माहीत नाही. आजी आणि तानपुरा सोबत वाजवायचे, आणि सेंटचा काटा हळूहळू वर न्यायचा. दोन सूर जवळ आले की त्यांच्यात झोके ऐकू येतात, सेकंदाला पाच, मग तीन, मग एक, मग थांबतात. ज्या ठिकाणी झोका थांबला तो सा. पहिल्या कडव्यात तो २१२ हर्ट्झ निघाला. काळी चार म्हणजे २०७.६५. आजी त्याच्यावर ३६ सेंट.

मग दुसरं कडवं लावलं आणि झोके पुन्हा सुरू झाले. आजी चढत होती. दुसऱ्या कडव्यात २१३, तिसऱ्यात २१४.५, चौथ्यात २१६.५, पाचव्यात २१८. साथ नसताना गाणारा माणूस रंगला की सूर असा सरकतो. तिला ते कळलं नसेल आणि ऐकणाऱ्यालाही कळत नाही, कारण सगळं गाणं तिच्यासोबत सरकतं. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत ४८ सेंट, म्हणजे अर्ध्या सेमीटोनची चढण. तिच्याखाली एक बेस होता, जो जागचा हलत नव्हता.

इतकं कळल्यावर मला वाटलं प्रकरण सुटलं. पण ३६ सेंटांच्या फरकानं इतकी खडखड व्हायला नको होती. तेव्हा बेसकडे वळलो.

बेस 'एट-ओ-एट' प्रकारचा. रोलँडचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० साली आलं आणि १९८३ ला बनायचं थांबलं, पण त्यातला बेस ड्रम अजून जगभर वाजतो. तो लांबवला की ठोका राहत नाही, सूर होतो, आणि पट्टीवर वाजवता येतो. ज्या क्षणी तो सूर झाला त्या क्षणी त्याला सुरात लावणं आलं, तबला लावतो तसं. पोरं हे विसरतात, कारण त्यांच्या लेखी तो अजून ड्रम आहे. याचं सॅम्पल, म्हणजे आवाजाचा तयार तुकडा, इंटरनेटवरून उतरवलेलं होतं आणि फाइलच्या नावात 'सी', म्हणजे पांढरी एक, लिहिलेलं होतं. त्यानं सॅम्पलरला सांगितलं, हा सी आहे, आणि काळी चारवर वाजवायला लावला.

स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर बघितलं, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती आवाज आहे त्याचं चित्र पाहिलं, तर सगळं ठीक दिसत होतं. इथं थोडं थांबायला हवं, कारण इथं खूप जण फसतात. अ‍ॅनालायझर ४०९६ नमुन्यांवर लावलेला होता. ४४,१०० ला ४०९६ नं भागा, १०.८ हर्ट्झ येतात. इतक्या रुंदीचा त्याचा एक खण. ए ४४०, म्हणजे ४४० हर्ट्झच्या सुरापाशी एक सेमीटोन २६ हर्ट्झचा असतो, तिथं हा खण चालून जातो. पण पन्नास हर्ट्झपाशी सेमीटोन जेमतेम तीन हर्ट्झचा. म्हणजे एकाच खणात तीन-साडेतीन सूर मावतात आणि यंत्र त्या सगळ्यांना एकच डोंगर दाखवतं. डोळ्यांना बेस सुरात, कानाला बेसूर. खणांची संख्या वाढवली तर बारकावा येतो, पण त्याला आवाजाचा लांब तुकडा लागतो. ६५,५३६ नमुन्यांसाठी दीड सेकंद, आणि हा बेस सव्वा सेकंदात विरत होता.

म्हणून दुसरी रीत. सॅम्पल दोन सप्तकं वर नेलं, त्याची शेपटी, म्हणजे सुरुवातीची थाप संपल्यावरचा स्थिर भाग, कापून लूपवर फिरवली आणि ट्यूनर लावला. खर्जात कान सुराला भोळा असतो, मध्य सप्तकात तोच कान कडक होतो. ट्यूनर न लावताही ऐकू येत होतं की हा सी नाही. आकडा आला २५२.८ हर्ट्झ: सी च्या लगतच्या खालच्या बी च्या ४० सेंट वर, म्हणजे सी च्या ६० सेंट खाली. मूळ जागी ६३.२, जिथं ६५.४ हवे होते.

आता हिशेब जुळला. बेस साठ सेंट उतरा, आजी छत्तीस सेंट चढी, मधलं अंतर ९६ सेंट. शंभराला एक सेमीटोन. म्हणजे आजी सा लावत होती तेव्हा बेस खालच्या शुद्ध निषादाला उभा होता, आणि पाचव्या कडव्यात तर दोघांत १४४ सेंटांचं अंतर पडलेलं. 'माह्या आवाजात आवाज काहून नाई मिळवत तो' याचं उत्तर हे होतं. ट्यूनर, अ‍ॅनालायझर, माझे स्पीकर, या सगळ्यांच्या आधी ते तिनं गोदामाच्या दारात बसून सांगितलं होतं.

आणि साउंडवालाही वेडा नव्हता. साठ सेंट उतरलेली काळी चार म्हणजे ५०.१५ हर्ट्झ. आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. अर्थिंग बिघडली की स्पीकरमधून जी घूं येते ती ५०, १००, १५०, २०० अशी चढत्या पायऱ्यांची असते. या बेसच्या पायऱ्या ५०.१५, १००.३, १५०.५, २००.६. वीस वर्षं केबली जोडणाऱ्या माणसाच्या कानानं ती बरोबर ओळखली होती. फक्त ती तारेतून येत नव्हती, गाण्यातूनच येत होती.

मोबाइलवर गाणं ठीक का वाटलं तेही यातच आलं. मोबाइलचा स्पीकर दोनशे हर्ट्झच्या खाली जवळपास काही देत नाही. तिथं बेस अगदी पुसट होता, म्हणून भांडणही फारसं ऐकू आलं नाही.

आधी सॅम्पल ठीक केलं. सॅम्पलरमध्ये साठ सेंट वर. पोरगा लगेच म्हणाला, "आता बरं वाटते काका, राहू द्या." बरं वाटत होतं हे खरं. पण आजीचा सा २१२ आणि बेसची चौथी पायरी २०७.६५, म्हणजे सेकंदाला चारपेक्षा जास्त झोके. पाचव्या कडव्यापर्यंत दहा. सुरुवातीला नुसती थरथर, शेवटी पुन्हा खडखड. मी राहू दिलं नाही.

आता प्रश्न असा की कोणी कोणाकडे जायचं. आजीला बेसकडे आणायचं की बेसला आजीकडे?

पोराला पहिला मार्ग हवा होता, कारण तो एका बटणाचा आहे. आवाज सुधारणारं प्लगइन लावायचं, सूर जी शार्प मायनर, वेग मध्यम. लावून पाहिलं. तिसऱ्या ओळीत आजी रे वरून सा वर येते ती घसरत, मधल्या सगळ्या जागांना स्पर्श करत येते. प्लगइननं त्याच्या पायऱ्या केल्या. तिचा हेल गेला आणि हेल गेल्यावर त्या गाण्यात माझ्या मते काही उरत नाही. त्याहून सभ्य असा एक पर्याय होता: सूर आतून न छेडता प्रत्येक कडवं अख्खं खाली आणायचं, पहिलं ३६ सेंट, पाचवं ८४. तोही करून पाहिला. पण आजीच्या आवाजासोबत त्याच फाइलमध्ये टिपऱ्या होत्या, अंगण होतं, कोंबड्या होत्या. टिपरीचा टणका पसरट झाला, आणि आवाज जरा जाड. पोरानंच हेडफोन काढला. "आजी नाई वाटत."

मग बेसला चालायला लावलं. प्रत्येक कडव्यासाठी बेसचा सूक्ष्म सूर वेगळा: ३६, ४४, ५६, ७२, ८४ सेंट. बदल करायची जागा महत्त्वाची. दोन कडव्यांमध्ये टिपऱ्यांचा एक आवर्तनभर तुकडा येतो, तिथं बेस गप्प असतो, त्या शांततेत काटा पुढं सरकवायचा. वाजत असताना सरकवला तर ऐकणाऱ्याला पाय घसरल्यासारखं होतं. पॅडलाही तेच आकडे दिले. बासरीचा लूप मात्र काढला. त्यात बासरी वाजवणाऱ्याचा स्वतःचा सूर आणि स्वतःची आस होती, तिला अर्धा सेमीटोन ढकलण्यापेक्षा ती नसलेली बरी. पोराला ती आवडती होती, त्यानं दोन वेळा विचारलं. मी नाही म्हटलं.

इथपर्यंत सा जुळला. पण बेस काही फक्त सा वर राहत नव्हता.

त्यानं बेसला चार सुरांची साखळी दिली होती, इंटरनेटवर सगळीकडे सापडते तीच: सा, कोमल धैवत, कोमल गंधार, कोमल निषाद, एकेका ओळीला एक. पाश्चात्त्य हार्मनीच्या हिशेबानं तिच्यात चूक नाही, ती साखळी अनेक गाण्यांखाली छान चालते. पण या गाण्यात आजी चारच सुरांत फिरते, सा रे ग म, आणि कडव्याच्या शेवटी खालच्या निषादाला शिवून सा वर येते. पहिली ओळ सा वर विसावते. दुसरी म वर जाऊन सा वर. तिसरी रे वर लटकून राहते, कारण तिथं प्रश्न विचारलेला आहे. चौथी सा वर उत्तर देते. तिसऱ्या ओळीखाली त्याचा बेस कोमल गंधारावर होता. आजी रे वर लांब थांबलेली, खाली ग, म्हणजे बेसपासून मोजलं तर तिचा सूर मोठ्या सातव्यावर, अकरा सेमीटोन वर. ओढ लागणं वेगळं आणि ओढाताण होणं वेगळं. इथं ओढाताण होती.

त्याहून मोठी अडचण तिच्या गंधाराची. तो कोमलही नाही आणि शुद्धही नाही. मोजला तर सा पासून ३४० सेंटांच्या आसपास, कधी थोडा खाली, कधी वर. लोकगीतांत असा गंधार ठिकठिकाणी भेटतो, आणि मला तो फार प्रिय आहे. ओव्यांमध्ये, भुलाबाईत, बायकांच्या आवाजात तो असाच लागतो, आणि पेटीवर ते गाणं वाजवलं की पहिल्यांदा तोच मरतो. ज्या सुराला गाणारी स्वतः एका जागी खिळवत नाही, त्याच्यावर बेस उभा करू नये, असं मी त्या दिवशी ठरवलं आणि पुढंही पाळलं. गंधार बेसमधून पूर्ण काढला. धैवत आणि निषादही.

त्यांच्या जागी बेसला सा, म, प दिले. पंचम तर आजी गातच नाही, तरी तो बेसला घेतला, आणि का घेतला ते सांगतो. बेस कधी एकटा सूर नसतो. त्याच्या पोटात वरचे सूर असतात, मूळच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे. सा ५३ हर्ट्झवर धरला तर त्याच्यात १०६, १५९, २१२ येतात, आणि २१२ म्हणजे आजीचा सा. म धरला, ७०.७, तर त्याचा तिसरा सूर पुन्हा २१२. म्हणजे आजी सा वर विसावली असताना बेस म वर गेला तरी तिचा सूर बेसच्या पोटात आहे. आणि प धरला, ७९.५, तर त्याचा तिसरा सूर २३८.५, जो तिचा रे. तिसऱ्या ओळीला, जिथं ती रे वर प्रश्न विचारत थांबते, तिथं खाली पंचम हवा. कागदावर लिहून नाही, ऐकून कळतं: तो लावला आणि ती ओळ जमिनीवर आली. ओढ तशीच राहिली, ओढाताण गेली.

खालचा पंचम, ३९.७ हर्ट्झचा, घेऊन पाहिला होता. अशा पेट्यांवर तिथं धक्का जाणवतो, सूर कळत नाही. म्हणून सा च्या वरचा घेतला.

एवढं करूनही एक गोष्ट टोचत होती, आणि ती शोधायला मला आणखी एक रात्र लागली. आजी गंधारावर आली की सा च्या बेसवर काहीतरी थरथरायचं. बेस तर आता सुरात होता. तो सोलो करून, म्हणजे बाकी सगळं बंद ठेवून, कान देऊन ऐकला तेव्हा त्यात गंधार ऐकू आला. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून आपोआप गंधार निघतो, ज्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात, तोच. तो पाचवा सूर आहे. ५३ च्या पाचपट, २६५. आणि स्वयंभू गंधार शुद्ध असतो, ३८६ सेंटांवर. आजीचा ग २५८ हर्ट्झच्या आसपास. दोघांत सेकंदाला सात झोके.

साध्या बेसमध्ये हा पाचवा सूर इतका मोठा नसता. पण पोरानं मोबाइलवर बेस ऐकू यावा म्हणून त्यावर भरपूर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारा परिणाम, चढवलं होतं. मागचा विचार बरोबर आहे. लहान स्पीकर ५३ हर्ट्झ देत नाही, पण १५९, २१२, २६५ थोडेफार दिले तर कान त्यांच्या अंतरांवरून खालचा सूर स्वतः उभा करतो. फक्त डिस्टॉर्शन सगळे सूर वाढवतं, नको असलेलेही. आपण बेसला शुद्ध गंधार गायला लावत होतो आणि वर आजी तिचा गंधार गात होती.

डिस्टॉर्शन निम्म्यावर आणलं. त्यापुढं २६५ वर एक अरुंद कट, जो कडव्यागणिक सा सोबत वर सरकतो, पाचव्यात २७२.५ पर्यंत, आणि तो फक्त बेस सा वर असतानाच चालू. म आणि प वर हा त्रास नाही, कारण त्यांचे पाचवे सूर वरचे धैवत आणि निषाद आहेत आणि तिथं आजी जात नाही. हे ऐकल्यावर पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं कट बंद-चालू, बंद-चालू करून पाहिला आणि म्हणाला, "काका, थे थरथर मले वाटलं आजीच्या वयाची हाय."

बाकी किरकोळ. सॅम्पलच्या सुरुवातीला सूर वरून खाली येतो, त्याला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा टिपरीच्या ठेक्यावरचे काही सूर आखूड होते, म्हणजे बेस जागेवर बसायच्या आतच संपत होता आणि चढा वाटत होता. ती घसरण कमी केली. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना त्यानं सगळीकडे मींड, म्हणजे सलग घसरत जाणं, ठेवली होती, ती फक्त कडव्याच्या शेवटच्या म वरून सा वर येण्यापुरती ठेवली. बेस मोनो केला, म्हणजे दोन्ही बाजूंना एकसारखा.

कोजागरीला मी गेलो. दूध मध्यरात्री, पण स्पीकर दहाच्या आत बंद करायचा म्हणून गाणं साडेआठलाच लावलं. साउंडवाल्यानं आपल्या सवयीनं वेग तीन टक्के वाढवला, आणि सूर जागेवर ठेवणारं 'की-लॉक' लावलं नाही. सगळं गाणं सुमारे पन्नास सेंट चढलं. मी दचकलो, पण आवाज आणि बेस एकाच फाइलमध्ये असल्यामुळे दोघंही सोबत चढले आणि त्यांचं आपसातलं नातं तसंच राहिलं. तो केबलीकडे गेला नाही. दुसऱ्या कडव्यापासून बायका टिपऱ्या घेऊन उठल्या आणि आजीच्या रेकॉर्डवर गाऊ लागल्या, त्यांच्या आवाजांनी तिचा सूर धरला, आणि पेट्यांमधून येणारा पंचम तिसऱ्या ओळीला त्या सगळ्यांच्या खाली आला. मी पारामागे उभा होतो. मला भरून आलं.

चौथ्या कडव्यात एक चूक उघडी पडली. आजीला मधे ठसका लागलेला आहे आणि त्यानंतरच्या दोन ओळी ती जरा वरून उचलते. मी सबंध कडव्याचा एकच सा मोजला होता. खोलीत ते कळलं नव्हतं, पारावर कळलं. दोन ओळी बेस मागे राहिला.

आजी खुर्चीवर बसून ऐकत होती. नातवानं विचारलं, कसं वाटलं. ती म्हणाली, "बुवा सुरात आला. पन लय मोठ्यानं गाते, मायवाले शब्द आयकू नाई येत." दुसऱ्यांदा लावताना बेस तीन डेसिबल खाली घेतला, आणि त्या दोन ओळींपुरता तो पूर्ण गप्प केला. नुसत्या आवाजावर आणि टिपऱ्यांवर त्या चांगल्या वाटल्या. नंतरच्या फाइलमध्ये त्या तशाच ठेवल्या आहेत.

आता तो आजीचं दुसरं गाणं घेऊन आला आहे. या वेळी कडव्याकडव्याला सा आधीच मोजून, वहीत लिहून. पहिल्या कडव्याचा सा १९५ हर्ट्झ, पांढरी पाचच्या नऊ सेंट खाली, आणि चढण नाही, उलट शेवटी जरा उतरते. बेसचा सा दोन सप्तकं खाली म्हणजे ४८.७५ वर येतो. विजेच्या ५० पासून सव्वा हर्ट्झ. बेस सुरात असला तरी पेट्यांमध्ये थोडीही घूं असेल तर तिचे झोके सेकंदाला एकाच्या वर ऐकू येतील. साउंडवाल्याला सांगितलं आहे, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अर्थिंगचा रॉड ओला करून सगळ्या केबली एकदा बघून घे म्हणून.